गाडीचा हरवलेला साज

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर कनेरगाव नाका नावाचे गाव आहे. ह्या नावातील दुसरा शब्द आज निरर्थक झाला आहे असे नवख्या प्रवाशास वाटल्यास त्यात नवल नाही. पैनगंगेच्या अलीकडचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. पलीकडचे वऱ्हाड कागदोपत्री निजामाचेच. परंतु १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या कारभारात गेले आणि १९०२ साली कायमच्या पट्ट्याने त्यांच्याच हाती राहिले. दोन कारभारांच्या सीमेवर वसलेल्या गावाच्या नावास 'नाका' हा शब्द चिकटावा हे स्वाभाविकच होय. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी संपली. राज्य गेले, सीमा गेली. शब्द तेवढा राहिला. यंत्र मोडीत निघावे आणि त्याचा एकच खिळा भिंतीत रुतून राहावा, तसे हे झाले. इतिहासाचा अभ्यास करणारास असा खिळा पुष्कळ काही सांगतो.

ह्याच गावानजीक आमच्या एका स्नेह्यांचे वडिलोपार्जित घर आहे. तेथे आम्हांस याच्या नेमके उलट दृश्य पाहावयास मिळाले. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या छपराखाली त्यांच्या वडिलांची फियाट ११०० डिलाइट उभी होती. सांगाडा शाबूत, यंत्र शाबूत, चाके शाबूत. परंतु जिच्यामुळे गाडी ओळखू येते ती सारी शोभा गेलेली. उजव्या अंगाची चकचकीत पट्टी नाही, एका चाकावरची वाटी नाही, मागच्या एका दिव्याचे लाल झाकण नाही, आणि नाकाडावर दोन भोके तेवढी उघडी. येथे खिळा गेला होता आणि यंत्र राहिले होते. आमच्या स्नेह्यांनी गाडी पूर्वीसारखी करावयाचे मनावर घेतले होते. ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, इंजिनाचे काम मिस्त्री करील. पण जे नाहीच ते परत कसे आणावयाचे, हे तुम्हां इतिहासवाल्यांनी सांगावे." ते हे थट्टेने बोलले, पण विचार करू लागल्यावर प्रश्न खरोखरच आमच्या प्रांतातला आहे असे आमच्या ध्यानी आले.

ह्या शोभेच्या भागांस मराठीत काय म्हणावे? आमच्या मते 'साज' हा शब्द सर्वांत जवळचा. घोड्याचा साज म्हणजे घोडा नव्हे. साजावाचून घोडा धावतोच. तरी स्वार कोण, कोणत्या काळचा आणि कोणत्या दर्जाचा, हे साजावरूनच कळते. मोटारीचेही तसेच आहे. दिव्यांची कडी, दारांच्या मुठी, अंगावरच्या पट्ट्या, पुढची जाळी, नावाची धातूची अक्षरे, बैठकीचे चामडे, घड्याळासारख्या तबकड्या, ह्यांपैकी बहुतेक गेले तरी गाडी चालते. म्हणूनच ते आधी जातात. जे अडत नाही ते सांभाळले जात नाही, हा नियम मोटारींइतकाच दप्तरांस आणि पोथ्यांसही लागू आहे.

आपल्या देशात हा साज इतक्या सहजी का हरवला, याचा थोडा इतिहास सांगणे जरूर आहे. आरंभीच्या काळात श्रीमंतांच्या मोटारी दोन ठिकाणी बनत. यंत्र आणि सांगाडा एका कारखान्याचा, तर वरचे शरीर दुसऱ्याच कारागिराचे. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी मागविलेली रोल्स रॉइस हे याचे ठळक उदाहरण होय. तिचा सांगाडा रोल्स रॉइसचा, आणि वरील घडण लंडनच्या बार्कर कंपनीची. पिवळ्या रंगाच्या ह्या गाडीत मागे सिंहासनासारखे उंच आसन केलेले आहे. मागविणारे निजाम १९११ च्या ऑगस्टात वारले, आणि गाडी त्यांच्या पुत्राच्या, म्हणजे उस्मान अली खानांच्या, वाट्यास आली. आज ती हैदराबादेत चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते. अशा गाडीची एखादी मूठ हरवली तर तिची जोड दुसऱ्या गाडीवर सापडण्याची आशा नसते. कारण तिच्यासारखी दुसरी गाडी जन्मासच आलेली नसते.

मध्यमवर्गाच्या गाड्यांची कथा निराळी. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईस शिवडी येथे कारखाना काढला. परदेशाहून पेट्यांतून आलेले सुटे भाग तेथे जोडून शेवरोले गाड्या तयार होत. पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारने, जे येथेच भाग घडवतील त्यांनीच मोटारी कराव्यात, असे धोरण धरले, आणि १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद झाला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स मात्र टिकली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम अमेरिकन बनावटीच्या गाड्या आणि मागाहून इटलीच्या फियाट निघाल्या. त्यांतील ११०० ही १९५४ नंतर घरोघर पोहोचली, आणि तिच्या गोलसर थाटामुळे लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' हे नाव प्रेमाने दिले. आयातीवर कडक बंधने आल्यावर जुन्या परदेशी गाड्यांचे मूळ भाग मिळणे दुरापास्त झाले. ज्याची काच फुटली त्याने दुसऱ्या गाडीची बसविली. ज्याची मूठ तुटली त्याने खिडकीची कडी लावली. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, तेव्हा कित्येक राजवाड्यांतील मोटारखान्यांस कुलपे लागली. मोडीच्या बाजारात पितळ शेरावर विकले जात असे. तेथे तो दिवा कोणत्या सालचा, हे कोण पाहणार?

आता शोधाकडे वळू. हरवलेल्या भागाचा पहिला साक्षीदार म्हणजे त्याने मागे ठेवलेली खूण. पट्टी गेली तरी ती अडकविण्याची भोके राहतात. त्यांमधील अंतर मोजले म्हणजे पट्टीची लांबी आणि पकडींची संख्या कळते. पट्टीखालचा रंग उन्हापासून झाकलेला असल्यामुळे आजूबाजूपेक्षा गडद राहतो, आणि त्या गडद रेघेवरून तिची रुंदी मिळते. आमच्या स्नेह्यांच्या गाडीच्या उजव्या अंगावर ही रेघ ओल्या फडक्याने पुसताच स्पष्ट दिसू लागली. शिलालेखावर ओला कागद दाबून ठसा घेताना जो आनंद होतो, त्याच जातीचा आनंद त्या वेळी आम्हांस झाला, हे कबूल करण्यास हरकत नाही.

दुसरा साक्षीदार म्हणजे धातू. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारींचे दिवे आणि कडी बहुधा उघड्या पितळेची असत. मग निकेलचा मुलामा रूढ झाला. आणि क्रोमियमचा निळसर, थंड चकाकीचा मुलामा १९२५ नंतरच्या काही वर्षांत सर्वत्र पसरला. निकेलची झाक किंचित पिवळसर आणि उबदार असते. १९२० सालच्या गाडीवर क्रोमियमची झळाळी दिसली की समजावे, येथे मागाहून कोणाचा तरी हात फिरला आहे. शिवकालीन म्हणून पुढे केलेल्या पत्रात पेशवाईतील शब्द आढळावा, तसाच हा प्रकार. रोल्स रॉइसच्या नाकाडावरील पंख पसरलेली स्त्रीमूर्ती सर्वांच्या परिचयाची आहे. ती चार्ल्स साइक्स ह्या शिल्पकाराने १९११ साली घडविली, आणि तिची गुडघे टेकलेली आवृत्ती १९३४ ची. तेव्हा ही गुडघे टेकलेली मूर्ती १९२० सालच्या गाडीवर मिरवताना दिसली, तर मालकाच्या हौसेचे कौतुक करावे. पण तिला पुरावा मानू नये.

तिसरा साक्षीदार म्हणजे भावंडे. त्याच सालची, त्याच घडणीची दुसरी गाडी, कारखान्याची सुट्या भागांची सूचिपुस्तके आणि घरातील जुनी छायाचित्रे, हे सर्व एकत्र मांडून पाहावे लागते. मग बाजाराची वाट धरावयाची. मुंबईचा चोरबाजार, कुर्ल्याचे मोडीवाले आणि पुण्याचा जुना बाजार ही ह्या विद्येची दप्तरखाने होत. राजवाड्यांनी वाड्यांच्या माळ्यांवरून आणि रद्दीच्या ढिगांतून कागद वेचून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड काढला. त्या चिकाटीचा अंश येथेही लागतो. फियाटवाल्यांचे एक भाग्य असे की, पुढची पद्मिनी ही ११०० चीच लेक, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमुळे तिचे भाग दीर्घकाळ मुबलक मिळत. परंतु पद्मिनीची टॅक्सी म्हणून शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली, आणि टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून नाहीशी झाली. ही विहीर आता आटत जाणार.

शोध कधीकधी अंगणातच संपतो. चाकाची वाटी आम्ही तीन बाजारांत शोधविली. शेवटी आमच्या स्नेह्यांच्या वृद्ध मातुःश्री सहज म्हणाल्या, "अरे, कोंबड्यांना पाणी ठेवतो ती कोणती?" वाटी खरोखरच तेथे होती, चुन्याच्या पाण्याने आतून पांढरी पडलेली, पण अखंड. पट्टीची हकीकतही त्यांनाच ठाऊक होती. एका पोळ्याच्या दिवशी वाजंत्र्यास बुजून बैल गाडीवर आला आणि त्याच्या शिंगाने पट्टी उचकटली. ती पुढे कोठे गेली, हे मात्र त्यांनाही सांगता आले नाही.

जे सापडत नाही ते घडवावे लागते, आणि ह्या कामी आपल्या जुन्या जातिवंत कारागिरांची आठवण होते. पितळ ओतणारा ओतारी, तांबे ठोकणारा तांबट, लाकडी साचा करणारा सुतार आणि चामड्याचे काम करणारा जीनगर, हे चौघे मिळून मोटारीचा बहुतेक साज घडवू शकतात. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून घडविण्याची विद्या आजही जिवंत आहे. परंतु कामात एक खाच आहे, ती वाचकांस सांगण्यासारखी वाटते. तापलेले पितळ निवताना शंभरास सुमारे दीड भाग आकसते. म्हणजे तीस सेंटिमीटरची पट्टी मूळ नमुन्यावरून साचा घेऊन ओतली, तर ती साडेचार मिलिमीटर आखूड येईल आणि तिची भोके गाडीच्या भोकांवर बसणार नाहीत. म्हणून जाणता कारागीर नमुना आधीच तेवढा मोठा करतो. नकलेवरून नक्कल काढली तर दर पिढीस वस्तू लहान होत जाते आणि कडा बोथट होतात. पोथ्यांच्या नकला करणाऱ्या लेखकांच्या हातून जे घडत आले, ते येथे धातूच्या स्वभावानेच घडते.

१९३० नंतरच्या गाड्यांत आणखी एक अडचण आहे. त्यांच्या मुठी आणि चिन्हे पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूची ओतलेली असतात. हा धातू स्वस्त आणि साच्यात सुबक उतरणारा. पण मुलाम्याखाली तो किडतो आणि देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. शिशाचा अंश राहिलेली जुनी मिश्रणे तर आतूनच भुगा होतात. अशा वस्तूवर तांबे चढवून, खड्डे भरून, घासून पुन्हा मुलामा द्यावा लागतो; ते न जमल्यास ती नव्याने पितळेत ओतावी लागते. मुलाम्याचा क्रमही ठरलेला: आधी तांबे, मग निकेल, शेवटी क्रोमियम. क्रोमियमचा थर इतका पातळ असतो की, खालचे काम जसे असेल तशीच चकाकी वर दिसते. आमच्या स्नेह्यांच्या डाव्या अंगाची मूळ पट्टी एका मुलामेवाल्याने इतकी घासली की, तिच्या कडेची बारीक रेघच नाहीशी झाली. वस्तू परत आली. तिच्यावरची एक ओळ मात्र पुसली गेली. ह्या हानीस उपाय नाही. सुदैव इतकेच की, घासण्यापूर्वी त्यांनी तिचे माप आणि छायाचित्र घेऊन ठेवले होते. त्यावरून सुताराकडून लाकडी साचा करविला, आणि त्यावर पत्रा वळवून उजवी पट्टी रेघेसह नवी घडविली. आज त्या गाडीच्या जुन्या पट्टीपेक्षा नवी पट्टीच मुळाशी अधिक इमान राखून आहे.

येथवर सारे कौशल्याचे. खरा वाद यापुढे आहे. नवा भाग इतका बेमालूम असावा काय की, पाहणारास तो जुनाच वाटावा? मिस्त्रीचे मत होते की, सरळ पद्मिनीची जाळी आणि पट्ट्या लावून सर्वत्र लखलखीत मुलामा द्यावा. गाडी नवरीसारखी दिसेल. मिरवणुकींत अशाच गाड्यांस टाळ्या मिळतात, हेही खोटे नव्हे. शिवाय जुन्या गाडीस आता बाजारभाव आला आहे, आणि जेथे भाव तेथे बनावट आलीच. २०२१ साली सरकारने पन्नास वर्षांपलीकडच्या वाहनांसाठी नोंदणीचे खास नियम केले आणि त्यांत गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, अशी अट घातली. परंतु सांगाडा, शरीर आणि इंजिन यांपुरता कायदा बोलू शकतो. मुठीच्या आणि पट्टीच्या खरेखोटेपणाची नोंद मालकाच्या सचोटीवरच सोपविलेली आहे.

ह्या सचोटीची रीत आपल्याकडे अज्ञात आहे असे नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पुरे केले. शेकडो पोथ्या ताडून पाहून संपादकांनी पाठ ठरविले. परंतु जेथे निश्चिती कमी वाटली तेथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ ओढली. डॉ. सुकथनकरांसारख्या विद्वानाने ही रेघ ओढताना आपली विद्वत्ता उणी पडली असे मानले नाही. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेने प्राचीन वास्तूंविषयी हेच सांगितले: हरवलेला भाग नवा घातल्यास तो समग्र रचनेशी सुसंगत असावा, पण मुळापासून ओळखू यावा; आणि जेथे निव्वळ तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबावा. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने २०१२ साली स्वीकारलेली ट्युरिनची सनद त्याच वाटेने जाते.

परदेशच्या सनदा कशाला? ह्याच जिल्ह्यात औंढा नागनाथाचे मंदिर आहे. त्याचा खालचा भाग काळ्या पाषाणाचा, नखशिखान्त कोरलेला. वरचे शिखर उत्तरकालीन, चुनेगच्चीचे आणि पांढरे. शिखराच्या जीर्णोद्धाराचे श्रेय परंपरा अहिल्याबाई होळकरांस देते. ज्यांनी ते बांधले त्यांनी खालच्या कोरीव कामाची खोटी नक्कल वर चढविली नाही. आपल्या काळाच्या हाताने मंदिर पुरे केले, आणि सांधा उघडा ठेवला. भाविक तेथे हात जोडतो आणि इतिहासकार तेथेच नोंद घेतो. दोघांचेही काम अडत नाही.

आमच्या स्नेह्यांनी हा मार्ग पत्करला. नवी पट्टी जुन्यासारखीच दिसते. पण तिच्या आतल्या अंगावर घडविल्याचे साल कोरलेले आहे. दिव्याचे झाकण बाजारात सापडले, तेव्हा ते कोठून आणले हे वहीत लिहून ठेवले. कोंबड्यांची वाटी चाकावर परत गेली, आणि तिचा पांढरा डाग मातुःश्रींच्या आग्रहावरून तसाच राहू दिला आहे.

राहिली नाकाडावरील दोन भोके. कारखान्याच्या पुस्तकात त्या जागी काही दाखविलेले नाही. अर्थात जे होते ते वडिलांनी हौसेने लावलेले. घरात लग्नाचे एकच छायाचित्र आहे. त्यात गाडी समोरून दिसते. पण नेमक्या त्या जागी झेंडूचा मोठा हार लोंबतो आहे. मातुःश्री म्हणतात, पक्षी होता. त्यांचे धाकटे दीर शपथेवर सांगतात, घोडा होता. बाजारात पक्षीही मिळतात आणि घोडेही मिळतात. मुलगा कितीदा तरी एकेक उचलून पाहतो आणि परत ठेवतो. पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून त्या भोकांत रबराची दोन बुचे बसविली आहेत. गाडी पाहावयास येणारा प्रत्येक जण प्रथम त्या बुचांविषयीच विचारतो, आणि मग पक्ष्याचा पक्ष व घोड्याचा पक्ष यांचा वाद पुन्हा सुरू होतो. गेल्या खेपेस आम्ही तेथून निघालो तेव्हाही तो चालूच होता. चहा दोनदा झाला, तरी निकाल लागला नव्हता. आणि तो लावण्याची घाई त्या घरात कोणासही दिसली नाही.